स्टँडवर चाललेलं इंजिन बोटीत बंद: ईसीएम आणि वायरिंगच्या नावाखाली झालेली फसवणूक

१ जून ते ३१ जुलै पावसाळी बंदी असते, बोटी शाकारलेल्या असतात, आणि इंजिन बदलायचं ते याच दिवसांत. १ ऑगस्टला समुद्रात उतरायची घाई सगळ्यांनाच असते आणि जुनी कॉमन रेल डिझेल इंजिनं (यांत डिझेल ‘रेल’ नावाच्या नळीत मोठ्या दाबाने साठतं आणि विजेवर उघडणारे इंजेक्टर ते फवारतात) विकणाऱ्यांना ती नेमकी ठाऊक असते. जीपमधून उतरवलेलं इंजिन ‘ईसीएम (इंजिन चालवणारा संगणकाचा डबा) आणि फुल वायरिंगसकट’ घेताना आम्ही फसलो. ते कसं, आणि पैसे देण्याआधी काय तपासलं असतं तर फसलो नसतो, ते इथे देत आहोत.

पहिली चलाखी स्टँडवर होते. इंजिन लोखंडी चौकटीवर बांधलेलं असतं, शेजारी डिझेलचा कॅन आणि बॅटरी. चावी फिरवली की झटक्यात सुरू. घेणारा आवाज ऐकतो, धूर बघतो, ऑइलचं झाकण उघडून वाफ येते का पाहतो. ईसीएमकडे कुणाचंच लक्ष नसतं. ते दुकानाचं स्वतःचं असतं, इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) काढून टाकलेलं, दाखवण्यापुरतं. टेम्पोत चढतं ते दुसरंच, दुसऱ्या गाडीचं. बाहेरून हुबेहूब तसंच, कनेक्टरही तेच, पण कुलूपबंद.

गाडीत ईसीएम, बॉडी कंट्रोल युनिट आणि चावीतली चिप यांची एकमेकांशी ओळख पटवलेली असते. यातलं एक जरी बदललं तरी ईसीएम इंजेक्टर उघडतच नाही, किंवा इंजिन एक-दोन सेकंद चालून बंद पडतं. सेल्फ फिरतो, डिझेल येतं, रेलमध्ये दाब असतो, तरी इंजिन लागत नाही. फोन केला की विकणारा म्हणतो, ‘तुमच्या जोडणीत चूक आहे.’ मग ‘इमो-ऑफ’ करून देण्याचे वेगळे पैसे लागतात.

शिवाय बहुतेक कॉमन रेल इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षर-अंकांचा कोड कोरलेला असतो आणि तो ईसीएममध्ये भरावा लागतो. दुसऱ्या गाडीच्या ईसीएममध्ये दुसऱ्याच इंजेक्टरांचे कोड असतात. कुलूप काढून इंजिन सुरू झालं तरी आयडलला (रेस न देता) थरथरतं, धूर टाकतं. त्यावर ‘नोझल खराब आहेत’ असं सांगून चार इंजेक्टर विकले जातात, आणि कोड भरायचं काम मात्र कुणीच करत नाही.

म्हणून स्टँडवर इंजिन चालू असतानाच ईसीएमच्या लेबलचा फोटो घ्या आणि डब्यावर ऑइल पेंटची आपली खूण करा. आपला स्कॅनर लावून ईसीएमच्या आतला नंबर, इंजेक्टरचे कोड आणि साठलेले फॉल्ट वाचा. इंजेक्टरवर कोरलेले कोड स्कॅनरवरच्या कोडांशी एकेक करून जुळवा. इंजिन नंबर आणि ईसीएमचा नंबर दोन्ही बिलावर लिहून घ्या. बिल द्यायला नकार मिळाला तर सौदा तिथेच सोडा.

आता ‘फुल वायरिंग’. ते बहुतेक वेळा गाडीच्या फायरवॉलपासून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) हातभर अंतरावर कटरने कापलेलं असतं. पूर्ण संच म्हणजे न कापलेलं इंजिन हार्नेस (वायरींचा जुडगा), ईसीएम, बॉडी युनिट, चिपची चावी आणि तिच्याभोवतीची अँटेनाची कडी, अॅक्सिलरेटर पेडल प्लगसकट, हीटर प्लगचा रिले, फ्यूज बॉक्स, हवा मोजणारा सेन्सर आणि स्कॅनरचं सॉकेट. सॉकेट आवर्जून मागा, कारण ते नसेल तर तुम्हाला फॉल्ट वाचता येत नाही आणि मेकॅनिक सांगेल ते खरं मानावं लागतं. बॅटरी काढून सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रोध मोजा. कॅन लाइन (युनिटं एकमेकांशी बोलतात ती वायरींची जोडी) शाबूत असेल तर सुमारे ६० ओहम येतो. १२० आला तर एका टोकाचा रेझिस्टर कापलेल्या भागाबरोबर गेला आहे.

पेडलच्या बाबतीतही हेच. खऱ्या पेडलमध्ये दोन स्वतंत्र ट्रॅक आणि सहा वायरी असतात. अनेक पेडलांत एका ट्रॅकचा व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मा असतो आणि ईसीएम दोन्ही सतत ताडून पाहतं. ‘बोटीसाठी खास लिव्हर’ म्हणून मिळतो तो बहुधा एका ट्रॅकचा साधा पोटेन्शिओमीटर असतो. हिशेब जुळला नाही की ईसीएम इंजिनाला ठरावीक कमी फेऱ्यांवर अडकवून ठेवतं. खाडीच्या मुखाशी लाट फुटत असताना इंजिन असं अडकणं म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ आहे. मूळ पेडल कोरड्या जागी डब्यात बसवा आणि थ्रॉटलच्या केबलने ते ओढा.

सर्वांत जास्त पैसे मात्र अर्थच्या, म्हणजे निगेटिव्ह जोडणीच्या, नावाखाली जातात. गाडीत अख्खी पत्र्याची बॉडी निगेटिव्ह असते. लाकडी किंवा फायबरच्या बोटीला असली बॉडीच नाही. हार्नेसमधल्या अर्थच्या कड्या लोंबकळत राहतात किंवा एखाद्या ब्रॅकेटखाली दाबल्या जातात, आणि मग सेन्सर चुकीचे आकडे देऊ लागतात. आज रेल प्रेशर सेन्सर, उद्या क्रँक सेन्सर, परवा टेम्परेचर, असे एकेक बदलले जातात. सगळे चांगले असतात. प्रत्येक कडी जाड केबलने एका कॉमन पट्टीवर आणा, ती पट्टी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा. सेल्फ फिरत असताना ईसीएमच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मीटर लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर नवा सेन्सर घेऊ नका, अर्थ सुधारा.

‘मरीन केबल’ म्हणून आम्हाला तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल विकली गेली. ओळखायला ब्लेड पुरे. एक तार खरवडा. खऱ्या मरीन केबलची तार कथील चढवलेल्या तांब्याची असते, वरून चंदेरी आणि आत लाल. नकली तार याच्या उलट, वरून लाल आणि आत चंदेरी. हातात घेतल्यावर हलकीही लागते. अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि खाऱ्या हवेत जोडापाशी ते पांढरं पडून खाल्लं जातं.

याचा फटका सेल्फला बसतो. बॅटरी ३ मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन ६ मीटर केबल होते. ३५ चौरस मिलिमीटरच्या तांब्यात २०० अँपिअरला सुमारे ०.६ व्होल्ट पडतो, ७० च्या केबलीत ०.३. नकली ३५ च्या केबलीत ०.९ पर्यंत जातो, आणि गंजलेले लग (केबलच्या टोकाच्या कड्या) धरले तर आणखी. सेल्फ फिरवताना ईसीएमच्या सप्लायवर ९.६ व्होल्टच्या खाली काटा गेला तर आधी केबल आणि बॅटरी पाहा. व्होल्टेज फार पडला की ईसीएम मध्येच रीसेट होतं, इंजिन फिरत राहतं पण लागत नाही, आणि निदान होतं ‘ईसीएम गेलं’.

ईसीएम खरोखर जातं ते बॅटरीच्या कटऑफ स्विचने. इंजिन चालू असताना तो फिरवला तर अल्टरनेटरचा भार अचानक सुटतो आणि व्होल्टेज उसळतो. चावी बंद केल्यावरही ईसीएमला नोंदी साठवायला थोडा वेळ लागतो, म्हणून निदान अर्धा मिनिट थांबूनच कटऑफ करा. हे आम्हाला कुणीही सांगितलं नाही. ईसीएमचा डबा इंजिनच्या खोलीबाहेर उंचावर ठेवा, कनेक्टर खालच्या बाजूला, आणि वायरीला आधी खाली वळसा द्या म्हणजे ओघळणारं पाणी त्या वळशातून गळून जाईल.

पेट्रोल कारचं इंजिन कुणी ‘मरीन केलेलं’ म्हणून दाखवलं तर घेऊच नका. गाडीचा सेल्फ आणि अल्टरनेटर ठिणगी बाहेर येऊ देणार नाहीत अशा बांधणीचे नसतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते. लेबल चिकटवून ही बांधणी बदलत नाही.

एकच इंजिन असलेल्या कामाच्या बोटीसाठी आमचं मत स्पष्ट आहे: यांत्रिक पंपाचं साधं डिझेल मिळत असेल तर तेच घ्या. कॉमन रेल घ्यायचंच असेल तर रकमेचा मोठा हिस्सा समुद्रातल्या चाचणीपर्यंत हातात ठेवा आणि तसं बिलावर लिहा. स्टँडवर इंजिनवर भार नसतो, पंखा पाण्यात फिरू लागला की खरं कळतं. निम्म्या थ्रॉटलवर गरम करून पूर्ण थ्रॉटलला २० मिनिटं चालवा. स्कॅनरवर मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला रेल दाब शेजारी-शेजारी ठेवून पाहत राहा. मिळालेला दाब मागे पडू लागला, किंवा गाडीच्या वेगाचा सिग्नल नाही म्हणून ईसीएमने फेऱ्या अडवल्या, तर जेटीवर परत येऊन बाकी रक्कम देऊ नका.

पैसे आधीच गेले असतील तर बिल, लेबलचे फोटो आणि स्कॅनरचे स्क्रीनशॉट घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. ‘तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही’ असं विकणारा ऐकवेल. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूत मोडत नाही, हे तक्रारीतच लिहून टाका.