नाना पेठेतलं अलॉयचं दुकान: आधी मोजतात, मग विकतात

आमच्या स्विफ्टच्या १४ इंची पत्र्याच्या रिम्स काढून अलॉय (मिश्रधातूच्या रिम्स) घालायचे ठरले, तेव्हा पुण्यात नाना पेठ पालथी घातली. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच: "डिझाइन पसंत करा साहेब, बसतंय." एकाने तर २०५/५५ आर१६ चा (२०५ मिमी रुंद टायर, १६ इंची रिम) सेट पुढे केला, वर "घासलंच तर लायनर गरम करून दाबून देऊ" म्हणाला. नवीन चाकासाठी चाकावरचं हे प्लास्टिकचं अस्तर वितळवायचं, हे मला पटणारं नव्हतं. शेवटी आतल्या गल्लीत काका-पुतण्याचं एक छोटं दुकान सापडलं. हा रिव्ह्यू त्यांच्यासाठी.

काकांनी डिझाइन दाखवायच्या आधी पुढचं चाक उतरवलं. रिमच्या पाठीमागे कोरलेला ईटीचा, म्हणजे ऑफसेटचा आकडा (रिमची गाडीला टेकणारी बाजू तिच्या रुंदीच्या मध्यापासून किती मिमी दूर आहे तो) वाचला, टायर आणि शॉकअपच्या मधे किती जागा आहे ते बोटं घालून पाहिलं आणि कागदावर हिशेब मांडला. जुना टायर १६५/८० आर१४, म्हणजे उंची ६२० मिमीला जरा कमी. १८५/६५ आर१५ घेतला तर ६२१.५. मीटरच्या रीडिंगलाही फरक पडत नाही. तो १६ इंची सेट मात्र ६३२ च्या घरात जातो आणि रुंदी ४० मिमीने वाढते ती वेगळीच.

खरी गोम ऑफसेटची. समजा, साडेपाच इंच रुंद रिमचा ईटी ४५ आहे. तिच्या जागी साडेसहा इंची, ईटी ३८ ची रिम लावली, तर बाहेरची कड जवळजवळ २० मिमी बाहेर येते आणि आतली सहा मिमी शॉकअपकडे सरकते. उभी गाडी रुबाबदार दिसते. मागे तिघं बसून गाडी दबली की टायर फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेला लागायला लागतो. आम्ही भरल्या गाडीने ताम्हिणीतून माणगावला जाणारी माणसं, म्हणून सहा इंची, मूळ ऑफसेटच्या जवळची रिम घेतली.

पीसीडी (नटांच्या भोकांची मांडणी) चार बाय शंभर, म्हणजे १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर चार भोकं, ते सगळेच बघतात. पण स्विफ्टचा हब (ज्यावर रिम बसते तो मधला गोल भाग) ५४.१ मिमीचा आणि बाजारातल्या रिमचं मधलं भोक त्याहून मोठं, हे यांनी स्वतःहून सांगितलं आणि चारही चाकांत हब रिंग (ती फट भरणाऱ्या कड्या) टाकल्या. त्या नसल्या तर रिम मध्यावर बसेलच असं नाही, मग वेगात स्टिअरिंग थरथरतं.

सगळ्यात आवडली ती शेवटची तपासणी. पुतण्याने लायनरवर आणि फेंडरच्या आतल्या कडेवर खडू फासला, आम्हा चौघांना गाडीत बसवलं, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गाडी स्पीडब्रेकरवरून पुढे-मागे घेतली, मग दुसऱ्या बाजूला. नंतर टॉर्च मारून दाखवलं: खडू जसाच्या तसा. त्यानंतर घाट झाला, गावचा खड्ड्यांचा रस्ता झाला, कुठे घासल्याचा आवाज नाही.

उणिवाही आहेत. डिझाइन मोजकीच, भाव लिहिलेले नसतात त्यामुळे घासाघीस करावी लागते, आणि अलाइनमेंटचं मशीन नाही, ते दुसरीकडे करून घ्यावं लागतं. शंभरेक किलोमीटर झाल्यावर नट आवळायला परत बोलावतात, ते टाळू नका. गाडी उभी करायला जागा नाही, तेव्हा सकाळी लवकर जा आणि घरची दोन-तीन माणसं सोबत न्या, तपासणीला लागतात.