साम्राज्य ते लोकशाही: नौपाड्यातील एक इतिहास अभ्यासवर्ग

ठाण्यात नौपाड्यातील एका सभागृहात रविवारी सकाळी भरणारा राजकीय इतिहासाचा अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. राजांच्या वंशावळी आणि लढायांच्या सनावळ्या यांपलीकडचा इतिहास समजून घेऊ इच्छिणाऱ्यांना तो मी आग्रहाने सुचवेन, कारण येथे प्रत्येक राजवटीला एकच प्रश्न विचारला जातो: कर कोण भरतो आणि निर्णय कोण घेतो?

आरंभ सोपाऱ्यापासून होतो. जुन्या ठाणे जिल्ह्यातील या बंदरात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे शिकारीसाठी दौरे काढत, आपण मात्र धर्मयात्रेत जनपदातील लोकांना भेटतो, असे अशोक त्या लेखात सांगतो. राजा प्रजेला भेटू लागला, तरी प्रजेला राजा बदलता येत नव्हता, हा भेद व्याख्यात्यांनी फार स्पष्टपणे मांडला. प्राचीन उत्तर बिहारमधील वज्जींच्या गणसंघात, म्हणजे राजाऐवजी कुलप्रमुखांनी चालवलेल्या राज्यात, सभा होती, पण तीत क्षत्रिय कुलप्रमुखच बसत. अथेन्समध्येही स्त्रिया आणि गुलाम मताधिकाराबाहेर होते. रोमचा भाग मात्र घाईत उरकला.

आधुनिक काळावरील व्याख्याने सर्वांत सरस आहेत. ब्रिटिशांच्या 1935 च्या भारत सरकार कायद्याने मत देण्याचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर अवलंबून ठेवला होता, तर 1950 च्या राज्यघटनेने तो प्रत्येक प्रौढ नागरिकाला दिला. ही झेप किती मोठी होती, हे मला येथे प्रथमच नीट उमगले. औंध संस्थानच्या राजांनी 1939 मध्ये स्वेच्छेने सत्ता ग्रामपंचायतींकडे सोपवल्याचा उल्लेखही आवर्जून होतो, आणि महाराष्ट्रातील अभ्यासवर्गात तो व्हायलाच हवा.

माझी तक्रार सामाजिक परिवर्तनाच्या भागाबद्दल आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये संमत केला आणि महाड नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी तसा ठराव केला. तरीही चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 1927 मध्ये सत्याग्रह करावा लागला. कायदा आणि समाज यांच्यातील हे अंतर या विषयाच्या गाभ्याशी आहे, आणि त्यावर जेमतेम काही मिनिटे खर्च व्हावीत हे मला पटत नाही. सत्यशोधक समाजापासून महाडपर्यंतच्या वाटचालीला आयोजकांनी पुढील सत्रात स्वतंत्र रविवार द्यावा.

टिपणे मराठीत असून काळजीपूर्वक तयार केलेली आहेत. शेवटी प्रश्नोत्तरांसाठी भरपूर वेळ मिळतो, त्यामुळे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनाही हा वर्ग उपयोगी पडेल.