नफ्यावर कर की उलाढालीवर?

नफ्यावरचा कर तत्त्वतः न्याय्य: तोट्यातल्या कंपनीवर बोजा पडत नाही. पण नफा कागदोपत्री हलवता येतो. ब्रँडचे हक्क कमी कराच्या देशातल्या उपकंपनीकडे ठेवायचे, समूहातल्या बाकीच्या कंपन्यांनी ते वापरण्यासाठी तिला भरमसाट रॉयल्टी द्यायची. जिथे माणसं राबली तिथे नफा उरतच नाही. हे बऱ्याचदा कायद्यात बसतं. तरीही रस्ते, न्यायालयं, शिकलेली माणसं वापरून त्यांचा खर्च इतरांवर ढकलणं मला अनैतिकच वाटतं.

उलाढाल लपवणं अवघड. म्हणूनच फ्रान्सने २०१९ मध्ये बड्या कंपन्यांच्या काही डिजिटल सेवांच्या महसुलावर ३ टक्के कर लावला. मात्र तुटपुंज्या नफ्यावर चालणारा धंदा अशा करात भरडला जातो.

माझा कौल नफ्यावरच्या कराला, पण २०२१ मध्ये १३० हून अधिक देशांनी मान्य केलेल्या किमान १५ टक्के दरासह.