पाहुण्यांची खोली जुन्या फर्निचरवर: सांगलीच्या बाजारात काय घ्यावं, काय सोडावं

दहा बाय दहाची एक रिकामी खोली पाहुण्यांसाठी लावायची, तर त्यासाठी नव्या शोरूमची पायरी चढायची गरज नाही. सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात जुनं फर्निचर विकणारे बरेच आहेत आणि नीट बघून घेतलं तर सोळा-सतरा हजारांत खोली उभी राहते. मात्र सगळ्या मालाला एकच शेरा देता येत नाही. लोखंड आणि भरीव लाकूड इथे चांगलं मिळतं, ते खुशाल घ्यावं. प्लायवूडच्या वस्तू दहादा बघून घ्याव्यात. पार्टिकल बोर्ड आणि वापरलेली गादी फुकट मिळाली तरी घरात आणू नये.

इतकं कडक बोलायचं कारण कृष्णेचा पूर. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. गावभाग, मारुती चौक, कर्नाळ रोड या बाजूची तळमजल्यावरची घरं नि दुकानं कित्येक दिवस पाण्यात होती. त्यातलं सगळं सामान भंगारात गेलं असं समजणं भाबडेपणाचं आहे. वाळवून, वरून रंगाचा हात मारून एखादी वस्तू आजही समोर येऊ शकते.

पुरातली वस्तू ओळखायला यंत्र लागत नाही. चारही पायांवर एकाच उंचीला फिकट किंवा काळपट रेघ आहे का बघा. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याच्या खाचेत बोट फिरवा. पिठासारखी तपकिरी माती लागली तर तो गाळ आहे, साधी धूळ करडी असते. खालचे स्क्रू गंजलेले आणि वरचे चकचकीत, हीसुद्धा खूण. सनमायकावर नाणं वाजवत कडेकडेने जा, जिथे आवाज पोकळ येईल तिथे आतला थर सुटलेला आहे. आणि कपाटाचं दार उघडून नाक आत घाला, सेंटच्या फवाऱ्याखालीही कुबट वास लपत नाही. संपूर्ण वस्तू जुनी आणि फक्त खालचा फूटभर भाग ताजा रंगवलेला असेल, तर पुढे विचारूसुद्धा नका.

प्लायवूडच्या बाबतीत एवढं लक्षात ठेवावं की घरगुती फर्निचरला बहुतेक वेळा साधा कमर्शिअल प्लाय, म्हणजे आयएस ३०३ चा, वापरलेला असतो. त्याचा डिंक दमट हवा सोसतो, पाण्यात बुडून राहणं सोसत नाही. आयएस ७१० चा मरीन प्लाय बराच टिकतो, पण जुन्या वस्तूवर शिक्का दिसत नाही आणि विकणाऱ्याच्या शब्दावर तो मरीन होत नाही. पार्टिकल बोर्ड म्हणजे दाबून चिकटवलेला लाकडाचा चुरा. एकदा पाणी प्याला की चुरा फुगतो, तो परत बसत नाही आणि त्यात स्क्रूही धरत नाही. सागवानाचं तसं नाही. सागवान भिजलं तर सावकाश वाळू द्यावं, सांधे ढिले झाले तर सुतार पुन्हा आवळून देतो.

आता कॉट. एका डबल बेडऐवजी आम्ही दोन सिंगल लोखंडी कॉट सुचवू. आजी आणि नात आल्या तर वेगळ्या, नवरा-बायको आले तर जोडून, आणि पाहुणे नसतील तेव्हा एक भिंतीला उभी करून खोली मोकळी. मे-जूनमध्ये विश्रामबागेतली नि मिरजेतली कॉलेजची मुलं खोल्या सोडतात, बदलीवाले सामान कमी करतात. तेव्हा ६ बाय ३ च्या कॉट आणि अभ्यासाची टेबलं मुबलक असतात. एका कॉटला दोन हजारांच्या वर जाऊ नये. नुसत्या पाइपच्या हलक्या कॉटपेक्षा अँगलची, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्टीची, घ्यावी. उलटी करून सगळे वेल्ड बघावेत: तडा बहुतेक वेळा पाय आणि आडव्या पट्टीच्या जोडावर असतो, आणि तिथेच रंगाचा जाड थर दिसला तर तो खरवडून बघण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. मग सरळ करून एका कोपऱ्यावर बसावं. समोरचा पाय उचलला गेला तर फ्रेमला पीळ आहे. तो वेल्डरकडेही धड निघत नाही.

माप आतून घ्यावं, बाहेरून नाही. कडेला उभी पट्टी असलेल्या कॉटमध्ये गादी आत बसते आणि बाहेरून ७२ बाय ३६ इंच दिसणारी कॉट आतून ७० बाय ३४ निघते. तयार गादी तिथे कमानीसारखी उभी राहते. उंचीचंही तसंच. जुन्या कॉट पुष्कळदा १४-१५ इंचांच्या असतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला गादीसकट २० इंच तरी हवेत. पायाखाली ठोकळे ठेवण्यापेक्षा वेल्डरकडून पाइपचे तुकडे जोडून घ्यावेत, ठोकळा रात्री सरकतो. कोपऱ्यांना मच्छरदाणीच्या दांड्यांची नळी असेल तर ती कॉट शंभर-दोनशे जास्त देऊनही घ्यावी. नदीकाठच्या गावात डास काय असतात हे सांगायला नको.

गंज वरवरचा असेल तर वायर ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या अस्तराचा, एक हात आणि ऑइल पेंटचे दोन. दोन कॉटना अर्धा लिटर रेड ऑक्साइड आणि एक लिटर रंग पुरतो. जुना रंग कोरडा घासू नये. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. पाणी लावून घासावं, लहान मुलांना लांब ठेवावं, मळी कागदात गुंडाळून टाकावी. पट्ट्यांवर १२ मिलिमीटरचा नवा प्लाय टाकावा, नाहीतर वर्षभरात गादीत पट्ट्यांचे ठसे उमटतात. दुकानात ६ बाय ३ चा तयार शीट मागावा. ८ बाय ४ मधून एकच कॉट निघते आणि उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं हा नवा प्रश्न.

ढेकणांसाठी रंगकामाआधीच एक फेरी हवी. भर दुपारी कॉट उन्हात जमिनीवर आपटायची आणि पांढऱ्या कापडावर काय पडतं ते बघायचं. सांध्यांवर काळे ठिपके, पेनाने टिंब दिल्यासारखे, दिसले तर ढेकूण होते किंवा आहेत. लोखंडी कॉटच्या जोडांवर आणि बोल्टच्या भोकांत उकळतं पाणी ओतलं की काम होतं, कारण ५५ अंशांपुढे अंडीसुद्धा टिकत नाहीत. लाकडी पलंगाला हा उपाय नाही आणि काही महिने उपाशी राहणारा हा प्राणी नुसत्या फवाऱ्याला दाद देत नाही. म्हणून ठिपके असलेला लाकडी पलंग कितीही देखणा असला तरी सोडावा.

गादी नवीच, आणि शक्यतो कापसाची, गादीवाल्याकडून मापाप्रमाणे भरून. ६ बाय ३ ला दहा-बारा किलो कापूस लागतो. भरताना समोर वजन करून घ्यावं. आठ किलोत भरलेली गादी पहिल्या महिन्यातच पोळी होते. माळ्यावर घरचीच जुनी गादी असेल तर ती पिंजून घेणं सर्वांत स्वस्त, फक्त पिंजताना थोडी तूट येते, ती नव्या कापसाने भरावी लागते. दोन गाद्यांना पाच हजार धरा. खोलीतला हा सगळ्यात मोठा खर्च, आणि तिथेच हात आखडू नये.

लाकडी टेबल, खुर्ची किंवा पेटी घेताना किडीची भोकं बघा. मातीची नळी म्हणजे वाळवी. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली मैद्यासारखा भुसा म्हणजे लाकूड पोखरणारी कीड. भोकं जुनी आहेत की आत कीड जिवंत आहे हे दुकानात कळत नाही. वस्तू झटकून, खाली काळा कागद घालून दोन-तीन आठवडे व्हरांड्यात ठेवावी. पुन्हा भुसा पडला तर सिरिंजने वाळवीनाशक भोकात भरून मेणाने तोंड बंद करावं. सागवानातही सालीलगतचं पांढरं लाकूड किडीला गोड लागतं, त्यामुळे ‘साग आहे हो’ या उत्तरावर थांबू नये. चपडीचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश पावसाळ्यात करू नये, ओलीने पांढरट ढग धरतात. वेताच्या खुर्चीची बैठक फाटलेली चालेल, सांगाडा हलता कामा नये. विणून घेण्याचा खर्च आधी विचारून मगच खुर्चीचा भाव करावा. जुन्या वाड्यांच्या पाडकामातले दरवाजे नि खांब मोहात पाडतात, पण ते या बजेटचं काम नाही. त्यातल्या मोडक्या खिळ्यांनी पाती मोडतात म्हणून सुतार मजुरीही जास्त सांगतो.

जुना पंखा चालवूनच घ्यावा. सावकाश फिरत असेल तर बहुधा कपॅसिटर गेलाय, २.५ एमएफडीचा नवा स्वस्तात बसतो. खरखर येत असेल तर बेअरिंग, तेही बदलता येतं. घुं आवाज आणि दहा मिनिटांत चटका बसेल इतका गरम होत असेल तर वाइंडिंग, तो सोडावा. वीज जास्त खातो हे खरं, पण वर्षातून वीस-पंचवीस दिवस चालणाऱ्या पंख्यासाठी महागडा नवा घेण्यात हिशेब बसत नाही. हुकाचा रबर, बोल्ट आणि त्याची पिन मात्र नवीनच घाला. उशाशी दोन प्लगांचा बोर्ड ओढून घ्या. पाहुणा आल्या आल्या चार्जरसाठी भिंती चाचपतो.

या बाजाराला पाचपैकी गुण द्यायचे तर मालाला चार, भावाला चार आणि व्यवहाराला अडीच. बिल सहसा मिळत नाही, ‘घरी नेल्यावर बघू’ याला अर्थ नसतो, आणि सांगितलेल्या भावात तिसरा हिस्सा घासाघीशीसाठी धरलेला असतो. पितृपंधरवड्यात गिऱ्हाईक रोडावतं, तेव्हा भाव उतरतो. दिवाळीनंतर लोक जुनं काढतात, तेव्हा निवड जास्त. ओएलएक्सवर वस्तूच्या मालकाकडून थेट घेतलं तर वस्तूचा इतिहास विचारता येतो, ‘पुरात होती का’ हा प्रश्न समोरासमोर करता येतो. फोटोवरून पैसे कधीही पाठवू नयेत.

सगळ्यात फायद्याची खरेदी लोखंडी कपाटाची. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, जवळपास दीड फूट खोल अशी जुन्या जाड पत्र्याची कपाटं चार-साडेचार हजारांत मिळतात आणि आजच्या पातळ पत्र्याच्या नव्या कपाटापेक्षा सरस ठरतात. टॉर्च घेऊन तळाचा पत्रा खालून बघा, अंगठ्याने दाबा. तो करकरला तर आतून खाल्लेला आहे. मूठ फिरवून वर, खाली आणि बाजूला तिन्ही कड्या सुटतात का पाहा. लॉकरची किल्ली नसेल तर किल्लीवाल्याचा खर्च भावातून वजा करा. आणण्यासाठी छोटा हत्ती ठरवताना हमालीसकट बोला आणि जिन्याच्या वळणाचं माप आधी घ्या. कपाट टेम्पोत पाठीवर आडवं, दारं बंद करून, दोरीने बांधून. खोलीत ठेवल्यावर दार घासायला लागलं तर लगेच बिजागरी ठोकू नका. बहुतेक वेळा फरशी उतरती असते. पुढच्या एका पायाखाली पत्र्याची चकती सरकवा, दार आपोआप चौकटीत बसतं.