ऑक्झॅलिक, टॉयलेट क्लीनर की कंपाउंड? होडी आणि ट्रेलर उजळण्याआधी

फायबरची होडी पाण्याबाहेर काढली की वर्षभराचं सगळं एकदम दिसतं. पाणरेषेला चहाच्या रंगाचा पट्टा, नाळेखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, नांगराच्या साखळीचे गंजाचे ओघळ, बाजूंना हात लावला तर तळव्याला लागणारी पांढरी भुकटी आणि बुडाला चिकटलेले बार्नॅकल, म्हणजे चुन्याच्या कवचाचे बारीक समुद्री जीव. खालचा ॲल्युमिनियमचा ट्रेलर राखाडी पडलेला असतो, तो निराळाच. बहुतेक जण या सगळ्यावर एकच बाटली ओततात. मीही ओतली होती. बूड स्वच्छ झालं, पण त्याखाली ट्रेलरवर जिथे जिथे थेंब पडले तिथे पांढरट खड्डे राहिले, ते आजही आहेत.

म्हणून मी उपाय निवडताना पहिला प्रश्न हा विचारतो: हे ठिबकलं तर खालच्या धातूला चालेल का? होडी ट्रेलरवरच उभी असते, त्यामुळे निवड दोघांची मिळून करावी लागते.

पिवळा पट्टा आणि गंजाचे ओघळ यांना माझं मत सरळ ऑक्झॅलिक ॲसिडला. खाडीच्या पाण्यात पालापाचोळ्याचा आणि कांदळवनाचा तपकिरी कस उतरलेला असतो, तोच पाणरेषेला बसतो. ऑक्झॅलिक तो फिका करतं आणि गंजातलं लोखंड विरघळणाऱ्या रूपात धरून ठेवतं, त्यामुळे घासावं लागतच नाही. केमिकलच्या दुकानात पांढरे खडे किंवा पूड मिळते, संगमरवर पॉलिश करणारे हेच वापरतात. लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅमपासून सुरुवात करावी. उभ्या बाजूवर पाणी ओघळून जातं, म्हणून मी ते पातळ खळीत कालवून ब्रशने लावतो, दहा-पंधरा मिनिटं ठेवतो आणि भरपूर गोड्या पाण्याने धुतो. भर उन्हात करू नका. वाळलं की पांढरे डाग धरतं. सकाळी, सावलीत, पट्ट्यापट्ट्याने करावं. हातमोजे आणि चष्मा हवाच. हे विष आहे, पोटात गेलं तर मूत्रपिंडावर जातं. उरलेलं द्रावण पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका, घरात पोरं असतात. ॲल्युमिनियमवर चुकून थेंब पडले आणि लगेच धुतले तर सहसा इजा दिसत नाही.

टॉयलेट क्लीनर म्हणजे साधारण 10 टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड. स्वस्त आहे, प्रत्येक वाण्याकडे आहे, आणि पिवळा पट्टा तेही काढतं. पण त्याचा खरा उपयोग एकाच जागी आहे: बार्नॅकल खरवडल्यावर मागे राहणाऱ्या पांढऱ्या चकत्या. त्या चुन्याच्या असतात, ॲसिड लागलं की फसफसून सुटतात. इथे ऑक्झॅलिक नापास होतं, कारण चुन्याशी मिळून ते न विरघळणारा थर करतं. तरीही पूर्ण बूड टॉयलेट क्लीनरने धुऊ नये. होडी ट्रेलरवरून उतरवून लाकडी ओंडक्यांवर घ्यावी आणि ब्रशने फक्त चकत्यांवर टिपावं. हे ॲसिड ॲल्युमिनियम खातं, गॅल्व्हनाइज्ड ट्रेलरवरचं जस्त काही मिनिटांत उतरवतं आणि स्टेनलेसच्या बोल्टलाही खड्डे पाडतं. ब्लीचबरोबर तर कधीच नको, क्लोरीन वायू सुटतो. खरं म्हणजे होडी वर काढल्याच्या पहिल्या तासात, बूड ओलं असताना लाकडी पाटीने खरवडलं तर ॲसिडची गरज बरीच कमी होते. दोन दिवस वाळू दिलं की बार्नॅकल दगड होतात.

आता पांढरी भुकटी. हा डाग नव्हे, त्यामुळे कुठल्याही ॲसिडने जात नाही. जेलकोट, म्हणजे फायबरवरचा रंगीत थर, जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. उन्हाने त्यातलं रेझिन वरून मरतं आणि उघडा पडलेला रंग खडूसारखा हाताला लागतो. त्यावर तीन मार्ग आहेत: रबिंग कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट), वॉटर पेपर (ओला घासायचा पॉलिश कागद) किंवा नवा रंग. कुठला निवडायचा ते पाण्याचा हात फिरवून कळतं. ओल्या जागी जुना रंग झळकला तर कंपाउंड पुरेल. ओलं करूनही पृष्ठभाग खरखरीत, मेलेलाच दिसला तर आधी 1000 आणि मग 1500 नंबरचा वॉटर पेपर, पाणी मारत, आणि त्यानंतर कंपाउंड. पण आतलं फायबर डोकावायला लागलं असेल, रंग ठिकठिकाणी पारदर्शक झाला असेल, तर घासणं थांबवा. तिथे आता रंगच लावायचा. दरवर्षी पेपर मारणाऱ्यांची होडी पाच-सात वर्षांत या अवस्थेला येते, कारण घासलेलं परत भरून येत नाही. म्हणून कंपाउंडनंतर वॅक्स लावणं मला पॉलिशपेक्षा महत्त्वाचं वाटतं. वॅक्स टिकलं तर पुढच्या वर्षी पेपरची पाळीच येत नाही.

मशीनबद्दल एक सावधगिरी. घरातल्या छोट्या ग्राइंडरला फोमचं पॅड लावून पॉलिश करायचा मोह होतो. तो मिनिटाला 11,000 फेरे फिरतो, जेलकोट जळून पिवळा पडतो. वेग कमी करता येणारं पॉलिशर गॅरेजवाल्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणा.

ट्रेलरचं ॲल्युमिनियम हे मात्र वेगळंच प्रकरण आहे. तो राखाडीपणा म्हणजे धातूने स्वतःभोवती धरलेला ऑक्साइडचा थर, आणि तोच त्याला वाचवतो. चकचकीत केलात तरी हवेत तो पुन्हा धरतो. आपल्या स्वयंपाकघरात याचं उत्तर आधीपासून आहे: कुकरच्या पाण्यात लिंबाची फोड टाकली की आतून तो काळा पडत नाही. ट्रेलरलाही तेच, लिंबूफूल म्हणजे सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात, काथ्याच्या ब्रशने, मग धुणं. हट्टी डागांना फॉस्फोरिक ॲसिडचा क्लीनर चालतो. ट्रक धुणाऱ्यांकडे ‘ब्राइटनर’ म्हणून मिळणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. ते कातडीला लागलं तर सुरुवातीला दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत जातं. बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर घेऊ नका. कॉस्टिक सोडा तर ॲल्युमिनियम विरघळवतोच, हायड्रोजनही सोडतो. तारेची घासणी नको, तिचे लोखंडी कण रुतून नंतर गंजाचे ठिपके होतात.

ट्रेलरवर वेळ घालवायचाच असेल तर चमक सोडा आणि सांधे बघा. होडी टेकते त्या लाकडी पट्ट्यांवरची कार्पेट खारं पाणी धरून ठेवते. तिच्याखाली आणि स्टेनलेसच्या बोल्टभोवती पांढरी भुकटी फुगलेली दिसली तर तिथे धातू खरोखर खपतो आहे. बोल्ट काढा, साफ करा, प्लास्टिकचा वॉशर घालून परत बसवा. आणि बुडाला तांब्याचा अँटिफाउलिंग (बार्नॅकल चिकटू न देणारा) रंग लावत असाल तर त्याचा ब्रश ॲल्युमिनियमला लागू देऊ नका, तांबं त्याला खातं.

लोखंडी गॅल्व्हनाइज्ड ट्रेलर असेल तर, आणि आपल्याकडे बहुतेकांचा तोच असतो, कुठलंच ॲसिड नको. तांबूस गंज ब्रशने काढून जस्ताचा प्रायमर लावणं पुरे.

वेळ कधीची? 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या वर असतात, पण हवेत इतका दमटपणा असतो की रंग धरत नाही. डाग काढणं आणि कंपाउंड मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकून, वॅक्स लावून होडी झापांखाली घ्या. रंगाचं काम असेल तर तेही मेमध्येच करा. आणि धुतलेलं पाणी उतारावरून थेट खाडीत जाऊ देऊ नका, वाळूत खड्डा करून तिथे मुरवा. त्याच पाण्यात उद्या जाळं पडणार आहे.