१९६८ ची प्लिमथ रोड रनर, दोन उन्हाळ्यांनंतर (अ‍ॅमीटरबद्दल जरा जास्तच)

३८३ क्युबिक इंचाचं इंजिन, ३३५ हॉर्सपॉवर, फोर बॅरल कार्बोरेटर हे सगळं इथे वाचणाऱ्यांना पाठ असणार, त्यामुळे स्पेक्समध्ये वेळ घालवत नाही. माझी कूपे आहे, म्हणजे मधला खांब असलेली आणि मागच्या काचा खाली न जाता नुसत्या बाहेर उघडणारी. टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. राहायला डेट्रॉइटच्या उत्तरेला, वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूपासून जवळच. दोन उन्हाळे चालवून झाली. लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण ऑगस्टमध्ये गाडी भर वुडवर्डवर बंद पडली आणि नंतर एका गॅरेजवाल्याने जो खर्चाचा कागद हातात ठेवला, तो बघून हात शिवशिवायला लागले.

आधी हीच का घेतली ते. मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाची दणकट अमेरिकन गाडी, म्हटलं की लोकांना चैन आठवते. पाँटिअ‍ॅकने १९६४ ला मधल्या आकाराच्या टेम्पेस्टमध्ये मोठं ३८९ चं इंजिन टाकून जीटीओ काढली, पोरांच्या उड्या पडल्या. मग सगळ्यांनीच तसल्या गाड्या काढल्या, त्यांना नटवत नेलं आणि किमती त्याच पोरांच्या खिशाबाहेर गेल्या. क्रायस्लरच्या प्लिमथने १९६८ ला हिशेब उलटा मांडला. सरळ बेंच सीट, खाली गालिच्याऐवजी रबरी मॅट, टॅक्सीत शोभेल असा डॅशबोर्ड, आणि वाचलेला पैसा इंजिन आणि सस्पेन्शनमध्ये. किंमत २,८९६ डॉलर. कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरायला वॉर्नर ब्रदर्सना ५०,००० डॉलर मोजले, तेवढीच काय ती उधळपट्टी. पहिल्याच वर्षी जवळपास ४५ हजार गाड्या खपल्या. ज्याला मिजास करायची होती त्याला ७१४ डॉलर जास्त देऊन ४२६ क्युबिक इंचाचं हेमी इंजिन मिळत होतं. आमच्या घरात बाथरूमचा दिवा चालू राहिला तरी चर्चा होते, तेव्हा मसल कार घ्यायचीच तर काटकसरीतून जन्मलेली घ्यावी, असं मी बायकोला पटवलं. पटलं नाही, पण तिने विरोध सोडला. नव्या मिनीव्हॅनच्या पैशात आली.

बाबा गेल्या उन्हाळ्यात आले होते. गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडायला लावलं आणि पहिला प्रश्न, "अ‍ॅव्हरेज किती देते रे?"

"लिटरला पाच. तेही हायवेला."

काही बोलले नाहीत. रात्री व्हिडिओ कॉलवर आईला सांगताना ऐकलं, "पाच म्हणतो. आपला फार्गो ट्रक बरा."

फार्गो उगाच नाही आठवला त्यांना. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्यात क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, डीसोटो, प्लिमथ आणि फार्गो जुळवायला सुरुवात केली होती, फियाट नंतर आली. म्हणजे ही गाडी नात्यातलीच. दुसऱ्या दिवशी बाबा स्वतःहून म्हणाले, चल जरा फिरवून आण. हायवेच्या रॅम्पवर मी पाय दाबला तेव्हा त्यांनी डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला आणि चेहऱ्यावर जे हसू आलं, ते अ‍ॅव्हरेज विसरल्याचं होतं. ६.३ लिटरचं इंजिन खालच्या आरपीएमलाच ओढतं, गिअर पाडायची वाट बघत नाही. आजच्या चांगल्या फॅमिली सेडान आकड्यांत हिच्या बरोबरीला येतील, काही पुढेही जातील. पण त्यात मागून कोणी ढकलल्यासारखं वाटत नाही.

आता अ‍ॅमीटर.

नव्या गाड्यांमध्ये हा काटा नसतो, म्हणून दोन शब्द. एका बाजूला डी, दुसऱ्या बाजूला सी. बॅटरी रिकामी होत असेल तर काटा डीकडे, भरत असेल तर सीकडे. दिसायला निरुपद्रवी. पण व्होल्टमीटर फक्त बाहेरून बघतो, अ‍ॅमीटरमधून मात्र बॅटरीकडचा सगळा करंट प्रत्यक्ष जातो. आल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची, जाड काळी वायर फायरवॉलमधल्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीतल्या, प्लास्टिकच्या मोठ्या कनेक्टरमधून आत येते, अ‍ॅमीटरच्या पाठीला लागते, तिथून लाल वायर निघून त्याच कनेक्टरमधून परत बाहेर बॅटरीकडे जाते. कनेक्टरच्या आत चपट्या पितळी टर्मिनल. एवढी वर्षं मिशिगनची दमट हवा खाल्ल्यावर त्या टर्मिनलवर हिरवा थर चढतो, थर चढला की रेझिस्टन्स वाढतो, रेझिस्टन्स वाढला की उष्णता. त्या काळच्या क्रायस्लर गाड्या बाळगणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं. मलाही होतं. घेतानाच मी टॉर्च घेऊन कनेक्टर बाहेरून बघितला होता, ठीक होता.

काटा मात्र पहिल्या दिवसापासून हायवेवर सीकडे झुकलेला असायचा. आधीच्या मालकाने अभिमानाने सांगितलं होतं, "बघा, चार्जिंग एकदम जोरात." त्याने शंभर अँपिअरचा नवा आल्टरनेटर बसवला होता. मूळचा मेकॅनिकल पंखा काढून रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा लावला होता, आणि डिकीत कुठल्यातरी स्पीकरसाठी अ‍ॅम्प्लिफायर. दोन्हीचं कनेक्शन थेट बॅटरीवरून, कारण तेच सोपं.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते. १९९५ पासून चालू आहे. फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅक शहरापर्यंत जुन्या गाड्यांची मुंगीच्या चालीने रांग आणि कडेला खुर्च्या टाकून बसलेली जनता. दुपारभर मी त्यात. आयडलवर आल्टरनेटर फारसं देत नाही, पंखा अखंड चालू, पोरांसाठी गाणी चालू. म्हणजे बॅटरी मुकाट्याने रिकामी होत होती, आणि पंखा थेट बॅटरीवर असल्याने अ‍ॅमीटरला त्याचा पत्ताच नव्हता. काटा मध्यावर, मी निवांत.

संध्याकाळी दिवे लावून गर्दीतून बाहेर पडलो आणि रस्ता मोकळा मिळाल्यावर वेग घेतला. काटा सरकला तो थेट सीच्या टोकाला जाऊन टेकला. रिकामी बॅटरी आणि पंखा, दोघांची भूक एकदम त्या पितळी पट्टीतून जायला लागली. आधी गरम प्लास्टिकचा वास आला. डाव्या वळणासाठी इथे मध्ये यू टर्नची जी सोय असते तिथे वेग कमी केला आणि दिवे मंदावले, इंजिन बंद. चावी फिरवली, स्टार्टरचा टक आवाजसुद्धा नाही. डॅशबोर्ड काळाठिक्कर. आणि पुढे रेडिएटरवरचा इलेक्ट्रिक पंखा मात्र मजेत घरघरत होता! सगळी गाडी मेलेली आणि हा एकटा जिवंत. मी बॉनेट उघडून पहिलं काम केलं ते बॅटरीचं टर्मिनल काढायचं.

गाडी उचलून न्यायला फ्लॅटबेड ट्रक आला. तो क्लासिक इन्शुरन्समध्ये फुकट होता. इन्शुरन्सबद्दल इथेच कौतुक करून घेतो, कारण पुढे कौतुक कमी आहे. मिशिगनमध्ये गाडीचा इन्शुरन्स अख्ख्या देशात महागड्यांपैकी. माझ्या साध्या रोजच्या गाडीपेक्षा या राक्षसाचा हप्ता कमी आहे. किंमत आधीच ठरवून दिलेली. अटी एवढ्याच, की बंद गॅरेजमध्ये ठेवा आणि ऑफिसला नेऊ नका.

गॅरेजवाल्याने, जुन्या गाड्यांचा स्पेशालिस्ट म्हणे, दोन दिवसांनी फोन केला. इंजिनचा हार्नेस (म्हणजे वायरींचा जुडगा), पुढच्या दिव्यांचा हार्नेस, डॅशचा हार्नेस, तिन्ही नवे. डॅश बाहेर काढायची मजुरी वेगळी. सगळं मिळून तीन हजार डॉलरच्या पुढे. मी विचारलं, नेमकी कुठली वायर जळली? उत्तर, "इतक्या जुन्या गाडीत सगळंच बदललेलं बरं." कनेक्टर उघडला का? नाही. बरं, न उघडता निदान केल्याची फी मात्र कागदावर होती. त्या फीवरून आमचं अर्धा तास वाजलं. शेवटी अर्धी दिली आणि गाडी घरी आणली. आमच्याकडे डॉक्टरसुद्धा नाडी न बघता गोळी देत नाही.

घरी ड्रायव्हरच्या पायापाशी उलटा झोपून कनेक्टर सोडवला. एवढ्या टर्मिनलमधली एकच जळली होती, लाल वायरची. तिच्याभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, बोट लावलं तर वायरवरचं आवरण जुन्या पापडासारखं तुटलं. शेजारचीच काळी वायर थोडी कडक झालेली, बाकी सगळं ठणठणीत.

तोवर मी मूळ डिझाइन करणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत होतो. पूर्ण करंट डॅशबोर्डपर्यंत फिरवून परत न्यायचा, कशासाठी? तर एक काटा हलवायला. पण शेजारी एक निवृत्त इलेक्ट्रिशियन राहतात, ते खुर्ची टाकून माझी धडपड बघत होते. त्यांनी कागदावर सर्किट काढून दाखवलं तेव्हा माझं मत फिरलं. मूळ गाडीत दिवे, हीटर, रेडिओ हे सगळं आल्टरनेटरच्या बाजूच्या जोडावरून घेतलेलं आहे. तो करंट अ‍ॅमीटरमधून जातच नाही. तिथून जातो फक्त बॅटरी भरायचा, आणि स्टार्ट केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत तोही उतरतो. म्हणजे काटा बहुतेक वेळ मध्यावर हवा. तो कायम सीकडे झुकलेला असणं म्हणजे बॅटरीच्या बाजूला कोणीतरी चोरून जेवतंय. आधीच्या मालकाने ज्याला जोरदार चार्जिंग म्हटलं होतं, तो पंख्याचा करंट होता, त्याच्यासाठी कधीच न आखलेल्या वाटेने जाणारा. थोडक्यात, अ‍ॅमीटर पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता.

मग दुरुस्ती. इलेक्ट्रिक पंखा आणि अ‍ॅम्प्लिफायर काढून विकले. मूळचा पंखा आणि आच्छादन आधीच्या मालकाने खोक्यात घालून दिलं होतं, ते परत चढवलं. गर्दीत तापमान थोडं वर जातं, पण उकळत नाही. आल्टरनेटरपासून स्टार्टर रिलेपर्यंत दहा गेजची नवी वायर बाहेरूनच टाकली, तिच्यात त्याहून बारीक, चौदा गेजची फ्युजिबल लिंक, म्हणजे काही झालंच तर आधी ती जळेल. बाकी टर्मिनल घासून साफ. अ‍ॅमीटरच्या पाठीमागच्या लाल-काळ्या वायर एकाच बोल्टवर जोडून टाकल्या. सामानाचा खर्च साठ डॉलरच्या आत, आणि विकलेल्या पंख्याचे त्याहून जास्त आले! गॅरेजवाल्याला बिल पाठवायचा मोह झाला होता.

फक्त आता काटा मेला. कायम मध्यावर. डॅशखाली एक छोटा व्होल्टमीटर चिकटवलाय, तो चौदाच्या आसपास दाखवतो, बरोबर आहे. पण गाडी चालवताना नजर जुन्या काट्याकडेच जाते. ज्याने खरं सांगितलं त्यालाच गप्प केलं, हे मला खटकतं. बायको म्हणते, "अरे, एका काट्यावर माणूस इतका बोलू शकतो?" शकतो.

बाकी भराभर.

चारही चाकांना अकरा इंची ड्रम ब्रेक. पहिला जोराचा ब्रेक चांगला लागतो. लगेच दुसरा मारलात तर गाडी एका बाजूला खेचते आणि तिसऱ्याला देव आठवतो. पुढे डिस्क बसवायचा किट मिळतो, पण मी फक्त पुढच्या गाडीपासून अंतर वाढवलंय. ते फुकट आहे.

डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत, बोल्टच्या टोकावर एल कोरलेला असतो. टायर बदलायला गेलात तर काउंटरवर सांगा, आत जाऊन पोराला सांगा, आणि उभे राहा. मी पहिली दोन केली, तिसरी करेपर्यंत त्या पोराने मशिन लावून एक बोल्ट कटकन तोडला.

वास. १९६८ ला पेट्रोलची वाफ कोंडायची यंत्रणा नव्हती, टाकी सरळ हवेत श्वास सोडते. गॅरेज घराला जोडून असेल तर स्वयंपाकघरापर्यंत येतो. त्यावर मला उपाय सापडला नाही. बायकोला सापडलाय, पण तो गाडी विकण्याचा आहे.

गरम इंजिन बंद करून वीस मिनिटांनी स्टार्ट करताना कार्बोरेटरमधलं इथेनॉलवालं पेट्रोल उकळलेलं असतं. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि पंप करायचा नाही.

हॉर्नबद्दल मात्र माझं मत साफ बदललं. कार्टूनमधल्या पक्ष्यासारखा 'बीप-बीप' वाजणारा हॉर्न म्हणजे पोरखेळ, असं मी घेताना म्हणालो होतो. मिशिगनच्या ऐतिहासिक नंबर प्लेटवर ऑगस्टमध्ये गाडी हवी तशी फिरवता येते, एरवी प्रदर्शन, क्लबचे कार्यक्रम, परेड असं काहीतरी निमित्त लागतं. सप्टेंबरात इथल्या मंडळाच्या गणपतीची मिरवणूक होती, ती परेडच. ढोल-ताशाच्या मागे गाडी आणि मागच्या बेंचवर कोंबलेली पोरं. एकालाही इंजिन किती क्युबिक इंचाचं ते नको होतं. सगळ्यांना हॉर्न हवा होता. शेवटी ढोलवालेच थांबून म्हणाले, काका, एकदा वाजवा. साध्या गाड्यांच्या हॉर्नने माणूस चिडतो. याने समोरचा वळून बघतो आणि हसतो. दोन्ही उन्हाळ्यांत या गाडीची एकही गोष्ट एकदाही बिघडली नसेल तर तो हा हॉर्न.

नोव्हेंबर ते एप्रिल गाडी बाहेर काढत नाही. इथे रस्त्यावर मीठ टाकतात, शहराच्या खालीच मिठाची खाण आहे, त्यामुळे हात सैल असतो.

घ्यावी का विचारणाऱ्यांना: घ्या, पण कोणी हौसेने वाढवलेल्या गोष्टी नसलेली घ्या. आणि विकणारा "चार्जिंग जोरात" म्हणाला तर आधी बॅटरीवर किती वायरी लावल्यात त्या मोजा.

हिवाळ्यात मला अ‍ॅमीटर परत जिवंत करायचाय. आता बॅटरीच्या बाजूला चोर नाही, बाहेरून टाकलेली वायर निम्म्याहून जास्त करंट उचलेल, तेव्हा काटा आळशी का होईना हलायला हवा. त्यासाठी कनेक्टरचा आतला अर्धा भाग चांगला हवा, माझा वितळलाय. कुणाकडे १९६८ च्या प्लिमथ बेल्व्हेडिअर किंवा सॅटेलाइटचा जुना डॅश हार्नेस पडून असेल तर कळवा. डॉज चार्जर गाडीचा चालत नाही, डॅश वेगळा. नवा रिप्रॉडक्शनचा कुठे मिळतो ते सांगू नका, किंमत मी बघितली आहे.