घरी बिअरचा केग भरणाऱ्यांनी गॅस वजन करूनच घ्यावा

घरी तयार केलेली बिअर बाटल्यांऐवजी केगमध्ये, म्हणजे धातूच्या बंद पिंपात, भरू लागल्यावर पहिल्याच वर्षी माझी जी फसवणूक झाली, तिचे मूळ केगला जोडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमध्ये होते. हे उमगेपर्यंत मी तीन वेळा पैसे मोजले होते, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

माझा केग १९ लिटरचा, स्टेनलेस स्टीलचा आहे. मुळात असे केग शीतपेयांच्या पाकासाठी बनवले जात. आंबण्याची क्रिया पूर्ण झालेली बिअर त्यात घ्यायची, वरची हवा गॅसने दोन-तीनदा बाहेर काढून टाकायची आणि केग सुमारे ४ अंश सेल्सिअसला थंड ठेवून १२ पीएसआयच्या (दर चौरस इंचावर १२ पौंड) आसपासच्या दाबाने आठवडाभर गॅस मुरू द्यायचा, असे हे काम असते. एका केगमधील बिअरमध्ये गॅस मुरण्यासाठी जास्तीत जास्त १०० ग्रॅम आणि ती नळातून बाहेर येण्यासाठी आणखी ६० ते ७० ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे कुठे गळती नसेल, तर २ किलोच्या सिलिंडरवर दहा केग सहज निघायला हवेत. माझे चारच निघाले.

सिलिंडर देताना विक्रेत्याने त्यावर रेग्युलेटर (गॅसचा दाब हवा तितका कमी करणारे, दाबमापक असलेले उपकरण) बसवून दाखवला होता. दाबमापकाचा काटा ५७ बारवर (बार हे दाबाचे एकक) स्थिर उभा होता आणि "बघा, गच्च भरलेला आहे," असे त्याने खात्रीने सांगितले होते. चार केगांतच गॅस संपल्याची तक्रार घेऊन गेलो, तेव्हा केगच गळत असणार असे सांगून त्याने मला रबरी रिंगांचा पूर्ण संच विकला आणि सिलिंडर पुन्हा भरून दिला. मी झाकणाची, दोन्ही नळ्यांची आणि दोन्ही जोडण्यांची अशा पाचही रिंगा बदलल्या. प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून पाहिले. एकही बुडबुडा आला नाही. तरीही दुसरी भरणी चौथ्या केगवरच संपली. तिसऱ्या खेपेस मी भरणीबरोबर गळती तपासण्याचेही पैसे दिले आणि स्वतःच्या हातांवरचा माझा विश्वास उडाला. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लागले ते हेच.

त्या तिसऱ्या भरणीनंतर मी रेग्युलेटर काढून सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला. सिलिंडरच्या खांद्यावर, म्हणजे झडपेखालच्या गोलाईवर, ठोकलेले रिकामे वजन ३.४ किलो होते, म्हणजे भरलेला सिलिंडर ५.४ किलो भरायला हवा होता. वजनकाट्याने ४.१ किलो दाखवले. सिलिंडरमध्ये जेमतेम ७०० ग्रॅम गॅस होता.

दाबमापक मात्र खोटे बोलत नव्हते. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये दाबाखाली द्रवरूपात असतो आणि त्यात थोडाही द्रव शिल्लक असेपर्यंत आतला दाब प्रमाणावर नव्हे, तर तापमानावर ठरतो. २० अंशांना तो सुमारे ५७ बार असतो. सुमारे ३ लिटर आकारमानाच्या माझ्या सिलिंडरमध्ये केवळ ६०० ग्रॅमच्या आसपास गॅस उरेपर्यंत दाबमापकाचा काटा हलतच नाही. विक्रेत्याला हे ठाऊक होते आणि मला नव्हते, यावरच सारा व्यवहार चालला होता.

मी वजनाचा हिशेब समोर मांडला, तेव्हा झडप बदलल्यामुळे ठोकलेले वजन आता लागू नाही, असे उत्तर मिळाले. मग मी सिलिंडर मोकळ्या हवेत सावकाश पूर्ण रिकामा केला (बंद खोलीत हे कदापि करू नये, हा गॅस जमिनीलगत साचतो आणि जीव गुदमरतो) आणि पुन्हा वजन केले. ते झडपेसह ३.४ किलोच भरले. हे कळल्यावर त्याने एक भरणी पूर्ण करून दिली, पण आधीच्या दोन भरण्यांचे, रिंगांचे आणि तपासणीचे पैसे परत केले नाहीत.

त्याच भेटीत माझा सिलिंडर ठेवून घेऊन दुसरा "अगदी तसाच" देण्याचाही प्रयत्न झाला. त्या दुसऱ्या सिलिंडरच्या खांद्यावर ताजा रंग चढवलेला होता आणि रंगाखाली चाचणीची तारीख वाचता येत नव्हती. देशानुसार ५ किंवा १० वर्षांनी सिलिंडरची दाबचाचणी करावी लागते. मुदत उलटलेला सिलिंडर प्रामाणिक माणूस भरून देत नाही, आणि त्या चाचणीचा खर्च मग आपल्या गळ्यात पडतो. मी माझाच सिलिंडर परत घेतला.

भरणी घेताना वजन ठोकलेले रिकामे वजन आणि गॅसचे ठरलेले वजन यांच्या बेरजेपेक्षा (माझ्या सिलिंडरसाठी ५.४ किलो) जास्त भरले, तरी तो सिलिंडर स्वीकारू नये. जादा भरलेला सिलिंडर उन्हात किंवा गाडीत तापला की सुरक्षा चकती (दाब फार वाढल्यास फुटून गॅस बाहेर सोडणारी झडपेवरची चकती) फुटते. मी आता सिलिंडरला चिकटपट्टी लावून तिच्यावर रिकामे वजन, भरल्यानंतरचे वजन आणि तारीख लिहितो, आणि प्रत्येक केगनंतर वजन पुन्हा नोंदवतो. ती पूर्ण भरणी अजून चालू आहे. त्याच जुन्या केगात, त्याच रिंगांवर, सध्या अकरावी बिअर मुरत आहे.